सायकल-मार्गाचा चढ कसा जोखावा?
इंदूर परिसरातील घाटमार्गांच्या निमित्ताने

दीर्घ पल्ल्याच्या सामुदायिक सायकल-फेऱ्यांची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. अशा फेरीचे पत्रक हाती पडले म्हणजे त्यात एकूण अंतर, प्रारंभाची वेळ, मुक्कामाची व अल्पोपाहाराची ठिकाणे हा तपशील बहुधा नीट दिलेला असतो. चढाविषयी मात्र ‘मार्ग काहीसा चढउताराचा आहे’ एवढ्या एका वाक्यावर काम भागविलेले दिसते. या ‘काहीसा’ शब्दाचा अर्थ पत्रक लिहिणाऱ्याच्या पायांतील बळावर अवलंबून असतो आणि वाचणाऱ्याचे पाय वेगळे असतात. परिणामी दोनशे किलोमीटरचा पल्ला सपाट प्रदेशात सहज पार करणारा होतकरू सायकलस्वार घाटाच्या पायथ्याशी दिवस मावळताना अडकून पडतो.

हा प्रश्न केवळ दमण्याचा नाही. फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’ या संस्थेच्या नियमांप्रमाणे जगभर ज्या फेऱ्या होतात व ज्यांना ‘ब्रेव्हे’ म्हणतात, त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. मार्ग सपाट असो वा डोंगराळ, मुदत तीच. चढाबद्दल एक मिनिटही जादा मिळत नाही. तेव्हा मार्गात चढ किती, कोठे आणि कसा, याचा अदमास घराबाहेर पडण्यापूर्वीच घेता आला पाहिजे. तो घेण्याच्या रीती कोणत्या आणि त्या कोठे फसवितात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणादाखल इंदूर शहर घेतले आहे. महाराष्ट्रातील सायकलस्वारांना मुंबई-आग्रा मार्गाने तेथे जाणे ओळखीचे आहे. शिवाय त्या शहराची भौगोलिक स्थिती या विवेचनास विशेष सोयीची आहे.

पठाराच्या काठावरील शहर

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. हे पठार उत्तरेकडे हळूहळू कललेले आहे. क्षिप्रा, चंबळ, काळी सिंध या नद्या दक्षिणेकडील विंध्याच्या काठाजवळ उगम पावून उत्तरेकडे वाहतात, ही गोष्टच त्या कलाची साक्ष होय. इंदूरहून उत्तरेस उज्जैनकडे गेल्यास सुमारे ५५ किलोमीटरांत उंची अवघी पन्नास-साठ मीटरांनी घटते, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी एक मीटर. पायांना हा उतार जाणवतही नाही.

दक्षिणेस मात्र चित्र पालटते. राऊ, महू, मानपूरपर्यंत रस्ता पठारावरूनच जातो आणि मग एकाएकी विंध्याचा कडा येतो. गणेश घाट उतरून रस्ता निमाडात शिरतो आणि धामनोदवरून खलघाट येथे नर्मदेवर पोहोचतो. तेथील उंची दीडशे मीटरच्या आसपास आहे. अंतर ऐंशी किलोमीटरांच्या जवळपास, आणि उंचीतील फरक सुमारे चारशे मीटर. खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हीच रचना आढळते: सिमरोलपर्यंत पठार, पुढे भेरू घाट, चोरल, बडवाह आणि मोरटक्का येथे पुन्हा नर्मदा.

महाराष्ट्रीय वाचकास ही रचना नवी नाही. आपल्याकडे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा जो भेद बोलण्यात रूढ आहे, तोच माळवा आणि निमाड यांमध्ये आहे. पुणेही इंदूरप्रमाणेच साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. पुण्याचा सायकलस्वार कोकणात उतरतो, तसा इंदूरचा निमाडात उतरतो. आणि दोघांनाही परत वर यावे लागते. वरकरणी साधी वाटणारी ही गोष्ट संपूर्ण फेरीचा स्वभाव ठरविते. तिचा विचार पुढे सविस्तर येईल.

केवळ दोन टोकांच्या उंचीवरून काय कळते?

जेथून निघाले तेथेच परत येणाऱ्या फेरीत एकूण चढ आणि एकूण उतार समान असतात. त्यामुळे अशा फेरीत मार्गावरील सर्वांत खालचे व सर्वांत वरचे स्थान यांच्या उंचीतील फरक हा एकूण चढाचा किमान आकडा होय. इंदूर-खलघाट-इंदूर फेरीत चढ चारशे मीटरांहून कमी असणे शक्यच नाही. कमाल किती, हे मात्र यावरून मुळीच कळत नाही.

इंदूरहून मुंबईस जाणारा पल्ला घ्या. साडेपाचशे मीटरांवरून समुद्रकाठी यावयाचे, म्हणजे सारा उतारच, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः नर्मदा ओलांडल्यावर सेंधव्याकडे सातपुडा चढावा लागतो. बिजासन घाट उतरून शिरपूरजवळ तापीचे खोरे लागते. पुढे धुळ्यापासून, म्हणजे सुमारे अडीचशे मीटरांवरून, मालेगाव व चांदवड करीत नाशिक-इगतपुरीच्या सहाशे मीटरांच्या पातळीवर यावे लागते आणि तेव्हा कोठे कसारा घाटाचा उतार मिळतो. दोन नद्यांची खोरी आडवी आली की उंचीतील निव्वळ फरक निरर्थक ठरतो.

मार्गावरील सर्वोच्च ठिकाणही असेच दिशाभूल करते. महूजवळचा जानापावचा डोंगर सुमारे साडेआठशे मीटर उंच आहे. पण महामार्ग त्याच्या माथ्यावरून जात नाही, त्यामुळे त्या उंचीचा आपल्या हिशेबाशी संबंध नाही. याउलट, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १८९१ साली सुरू झालेल्या सुप्रसिद्ध स्पर्धेचा, आज ब्रेव्हे-प्रकारात होणारा सुमारे १,२०० किलोमीटरचा मार्ग पाहा. त्यात घाट म्हणावा असा एकही नाही. सर्वोच्च बिंदू चारशे मीटरांच्या आतच आहे. तरीही एकूण चढ ११,००० मीटरांहून अधिक भरतो. लहान लहान टेकाडे शेकड्यांनी ओलांडल्याचा हा परिणाम आहे.

लहरत्या रस्त्याची पूर्वकल्पना नद्यानाल्यांवरून येऊ शकते. नदीच्या काठाकाठाने किंवा पाणलोटाच्या धारेवरून जाणारा रस्ता बहुधा सौम्य असतो; अनेक ओढे आडवे ओलांडीत जाणारा रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी उतरतो आणि चढतो. नकाशावर रस्त्याने निळ्या रेषा किती वेळा छेदल्या आहेत, हे मोजण्यास पाच मिनिटे लागतात, आणि त्या पाच मिनिटांत पुष्कळ समजते.

समोच्च रेषांची मोजणी

सर्वांत जुनी व आजही विश्वसनीय रीत म्हणजे स्थलदर्शक नकाशावरील समोच्च रेषा मोजणे. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर साधारणतः २० मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. मार्गावर पेन्सिल फिरवीत जावे. रस्ता चढत असताना जेवढ्या रेषा छेदल्या जातील तेवढ्यांना २० ने गुणावे. उतारावरील रेषा सोडून द्याव्यात. ब्रिटनमधील ‘ऑडॅक्स यूके’ ही संस्था डोंगराळ फेऱ्यांसाठी चढाचे स्वतंत्र गुण देते, आणि त्यासाठी समोच्च रेषांची मोजणी ही तेथील प्रस्थापित पद्धत राहिली आहे.

या पद्धतीत चढ नेहमी कमीच मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे. दोन रेषांच्या दरम्यान असलेला पंधरा मीटरांचा खोलगट भाग तिला दिसत नाही. दोनशे किलोमीटरांत अशी चाळीस ठिकाणे असली तर सहाशे मीटर चढ हिशेबाबाहेर राहिला! घाटमार्गावर ही चूक किरकोळ असते, कारण तेथे चढ सलग असतो. निमाडातील लहरत्या रस्त्यावर ती मोठी ठरते.

दुसरी रीत संगणकाची. मोबाइलवर किंवा संगणकावर मार्ग आखला की एकूण चढाचा आकडा क्षणात मिळतो. यामागील उंचीची माहिती पुष्कळदा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने अकरा दिवसांत केलेल्या मोजणीतून आलेली असते. तीत पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे तीस मीटरांच्या चौकटींत विभागलेला असून प्रत्येक चौकटीस एकच उंची दिलेली आहे. डोंगराच्या कुशीतून कोरलेल्या रस्त्याच्या एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असल्यामुळे चौकटीची उंची रस्त्याची असेलच असे नाही. शिवाय पूल व बोगदे या मोजणीस ठाऊक नसतात. नर्मदेच्या पुलावरून सरळ जाणारा सायकलस्वार या हिशेबात पात्रात उतरून पुन्हा वर येतो. इंदूर-खंडवा मार्गाच्या चौपदरीकरणात बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले आहे. अशा बोगद्यातून जाणारा मार्ग संगणकावर आखल्यास तो डोंगर चढून पलीकडे उतरल्याचे दाखवील.

बारीक चुकांची बेरीज हा याहून मोठा दोष. प्रत्येक दोनशे मीटरांत एका मीटरचा खोटा उंचवटा आला, तर किलोमीटरमागे पाच मीटर आणि दोनशे किलोमीटरांत हजार मीटर चढ निव्वळ हवेतून निर्माण होतो. चांगल्या प्रणाली अशा चुका गाळतात, पण प्रत्येक प्रणालीची चाळणी वेगळी; म्हणून एकाच मार्गाचे तीन ठिकाणी तीन आकडे मिळतात. त्यांतील खरा कोणता, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्या मार्गावर आपण स्वतः सायकल चालविली आहे, त्याचा आकडा त्याच प्रणालीतून काढावा आणि नव्या मार्गाची त्याच्याशी तुलना करावी.

तिसरी रीत वायुभारावर चालणाऱ्या उंचीमापकाची. इंदूरच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल वायुभार घटला म्हणजे सुमारे नऊ मीटर उंची वाढली असे यंत्र समजते. चढउतार टिपण्यात हे यंत्र तरबेज आहे, परंतु हवामान बदलले तरी ते फसते. आपल्या प्रदेशात सकाळ ते दुपार वायुभार सहज तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. राजवाड्यासमोर दिवसभर उभी ठेवलेली सायकलही त्या यंत्राच्या मते तीसेक मीटर चढून जाते. एकूण चढाच्या हिशेबात एवढी चूक फारशी नाही. यंत्र एकदा मार्गावरून फिरविलेले असेल तर त्याचा आकडा सर्वांत ग्राह्य मानावा.

किलोमीटरमागे किती मीटर?

एकूण चढास एकूण अंतराने भागले म्हणजे मार्गाचा डोंगराळपणा एका आकड्यात सांगता येतो. अनुभवी सायकलस्वारांच्या व्यवहारात किलोमीटरमागे पाच मीटरांच्या आतील मार्ग सपाट, दहाच्या आसपासचा चांगलाच चढउताराचा आणि पंधराच्या वरचा डोंगरी समजला जातो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा आकडा या मापाने नऊ-दहा येतो. ‘सुपर रॅन्दोने’ नावाच्या पर्वतीय फेऱ्यांत ६०० किलोमीटरांत किमान १०,००० मीटर चढ असावा लागतो, म्हणजे सोळाहून अधिक.

रस्ते-अभियंत्यांचे वर्गीकरण याहून वेगळे आहे आणि त्याची गल्लत होऊ देऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत भूप्रदेशाचे सपाट, लहरता, डोंगराळ आणि अतितीव्र असे चार प्रकार आहेत. पण ते रस्त्याला आडव्या असलेल्या जमिनीच्या ढाळावरून ठरतात, रस्त्याच्या चढावरून नव्हे. डोंगराळ प्रदेशातही रस्ता वळणे घेत सौम्य ठेवता येतो. सायकलस्वारास उपयोगी पडतील ती या मानकांतील रस्त्याच्या ढाळाची प्रमाणे: सपाट व लहरत्या प्रदेशात सामान्यतः ३० मीटरांस १ मीटर, आणि डोंगराळ प्रदेशात २० मीटरांस १ मीटर, म्हणजे पाच टक्के. अपवादात्मक स्थितीत हे प्रमाण सात टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. यास्तव महामार्गावरील घाट कितीही भीतिदायक दिसला तरी त्याचा ढाळ या मर्यादेच्या आसपासच असणार, हे गृहीत धरावयास हरकत नाही. गावरस्त्यांना आणि जुन्या किल्ल्यांच्या वाटांना हे बंधन नाही.

तुलनेसाठी लोहमार्ग पाहावा. होळकर संस्थानाच्या अर्थसाहाय्याने १८७० च्या दशकात इंदूरपर्यंत आलेल्या मीटरगेज मार्गावर पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट ४० मीटरांस १ मीटर इतका तीव्र होता आणि रेल्वेच्या दृष्टीने तो फार कठीण मानला जाई. (२०१८ पासून त्या टप्प्यावर वारसा-गाडी सुरू झाली.) इंजिनास जड जाणारा हा अडीच टक्के चढ सायकलस्वार गप्पा मारीत चढतो. पाच टक्क्यांवर गप्पा थांबतात.

पायांचा हिशेब

सायकलसह ८५ किलो वजन शंभर मीटर उंच नेण्यास सुमारे ८३ किलोज्यूल कार्य करावे लागते. सामान्य सवयीचा सायकलस्वार दिवसभर टिकेल अशी सुमारे १०० वॅट शक्ती लावतो. म्हणजे प्रत्येक शंभर मीटर चढास त्याची चौदा मिनिटे जातात. सपाटीवर तेवढ्या वेळात तो पाच किलोमीटर गेला असता. म्हणून शंभर मीटर चढ म्हणजे पाच किलोमीटर जादा अंतर, असा ठोकताळा धरता येतो. उतारावर यातील काही वेळ परत मिळतो; परंतु वळणे, अवजड वाहने आणि ब्रेक यांमुळे घाटात तो फार थोडा मिळतो.

पाच टक्के चढावर शंभर वॅटला वेग ताशी आठ किलोमीटरांच्या आत येतो. पुढील व मागील चक्रांचे दाते समान होतील असा गिअर असल्यास मिनिटास साठ फेऱ्या देत हा वेग राखता येतो. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीत मात्र पुढील दाते मागील दात्यांच्या अडीचपटीच्या आसपास असतात, त्यामुळे त्याच वेगात मिनिटास पंचवीसच फेऱ्या पडतात आणि सारा भार गुडघ्यांवर येतो. अशी सायकल घाटात हाती धरून चालवीत नेणेच शहाणपणाचे आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, फक्त तो वेळ हिशेबात धरलेला असावा.

चढ कोठे येतो?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मुंबईहून पुण्यास निघालेल्यास खोपोलीपर्यंत सपाटी मिळते, मग बोरघाट लागतो आणि खंडाळ्यानंतर पुन्हा पठार. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब याच टप्प्यावर ठरतो. घाट चढल्यावर कठीण भाग सरतो. जो वर पोहोचला तो बहुधा पुण्यासही पोहोचतो. इंदूरहून दक्षिणेस जाऊन परतणाऱ्या फेरीचा क्रम नेमका उलटा आहे. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी उतार मिळतो. दुपारच्या उन्हात, दमलेल्या पायांनी चढ.

हिशेब करून पाहू. समजा, इंदूरहून सकाळी सहा वाजता निघून ठीकरीच्या आसपास शंभर किलोमीटरवर वळावयाचे व परत यावयाचे आहे. मुदत सायंकाळी साडेसातपर्यंत. जाताना ताशी २२ किलोमीटर वेग सहज पडतो, १०.३५ ला अर्धा मार्ग संपतो. तासभर जेवण-विश्रांती घेऊन ११.३५ ला परत निघाल्यास ७ तास ५५ मिनिटे हाती उरतात. ताशी तेरा किलोमीटरांहूनही कमी वेग पुरेसा दिसतो. परतीच्या वाटेवर पठाराचे चारशे आणि लहरत्या रस्त्याचे तीनशे, असा सातशे मीटर चढ धरू. १०० वॅट टिकले तर चढास सुमारे एक तास ४० मिनिटे आणि सपाटीच्या हिशेबाने शंभर किलोमीटरांस पाच तास लागून सव्वा तास शिल्लक राहतो. परंतु निमाडच्या दुपारी शक्ती ७५ वॅटवर आली आणि वेग १८ वर उतरला, तर चढास दोन तास दहा मिनिटे व अंतरास साडेपाच तासांहून थोडे अधिक लागतात. शिल्लक उरतात बारा मिनिटे. एक पंक्चर झाले की तीही गेली.

या फेरीची सरासरी काढली तर जाण्यायेण्याचा चढ मिळून ती किलोमीटरमागे सहा-सात मीटरांवर जाणार नाही. कागदावर हा मार्ग सौम्यच ठरतो. तो अवघड होतो तो चढाच्या जागेमुळे आणि वेळेमुळे. एप्रिल-मे महिन्यांत खरगोन-धामनोद पट्ट्यातील ऊन लक्षात घेता अशी फेरी त्या दिवसांत ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात ऊन सोसते, पण दिवस लहान असतो; साडेपाच-सहालाच अंधारू लागते, आणि तोवर घाट चढून मानपूर गाठले नसेल तर अवजड मालमोटारींच्या रांगांतून दिव्याच्या उजेडात चढावे लागते. गणेश घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. सायंकाळी पाचपूर्वी घाटमाथा गाठणे अशक्य दिसल्यास धामनोद येथेच थांबण्याची मुभा व व्यवस्था संयोजकांनी ठेवावी.

मांडूच्या फेरीबाबत वेगळी सावधगिरी हवी. मांडू इंदूरहून थोडेच उंच असल्यामुळे दोन टोकांच्या उंचीवरून मार्ग सपाट वाटतो. पण काकडा खोह नावाच्या खोल दरीने हा किल्ला मूळ पठारापासून तोडलेला आहे आणि शंभरेक किलोमीटरांच्या शेवटी रस्ता आधी खाली जाऊन मग वर चढतो. तेथून महेश्वरकडे उतरून परत इंदूरला येण्याची आखणी केल्यास विंध्याचा पूर्ण चढ पुन्हा वाट्यास येतो.

संयोजकांनी पत्रकात एकूण चढ, तो कोणत्या रीतीने मोजला त्याचा उल्लेख, सलग चढांची सुरुवात कोणत्या किलोमीटरला होते व ते किती लांब आहेत, आणि सरासरी सायकलस्वार तेथे किती वाजता पोहोचेल, एवढी माहिती दिली तरी पुरे. उंचीचा आलेख छापल्यास उत्तमच. मात्र उभे प्रमाण आडव्याच्या किती पट आहे हे त्याखाली लिहावे, नाहीतर उज्जैनचा रस्ताही हिमालयासारखा दिसतो. घाटांतील रस्त्यांची आखणी अलीकडच्या वर्षांत बदलत असल्यामुळे जुन्या नकाशावरून काढलेले आकडे फेरीपूर्वी महिनाभर आधी प्रत्यक्ष मार्गावर पडताळून घ्यावेत, आणि ही पडताळणी मोटारीतून न करता सायकलीवरून करावी. मोटारीत बसलेल्यास तीन टक्क्यांचा चढ दिसत नाही.